सोळावा हिस्सा

दोन पट्टीचुंबकांच्या मध्ये उत्तरेश्वरची करंगळी सापडली. एकमेकांवर आदळताना त्यांनी कातडीचा एवढासा तुकडा धरला आणि तिथं रक्त साकळून काळीनिळी टिकली उमटली. झालं एवढंच. गेली दहा-अकरा वर्षं तो याच प्रयोगशाळेत, याच टेबलापाशी उभा राहून पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगत आला होता की चुंबक जवळ आणताना मन थाऱ्यावर ठेवा. एका अंतरापर्यंत ते निमूट हातात राहतात, त्याच्या आत गेले की तुमचं ऐकत नाहीत. आज त्याचंच मन थाऱ्यावर नव्हतं. पोरं तोंडातल्या तोंडात हसली, तोही हसला, करंगळी तोंडात घातली आणि जिभेला लोखंडाची चव लागली. मग काही कारण नसताना त्याचे डोळे भरून आले. तो पाठ फिरवून खिडकीशी गेला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. मैदानाच्या कडेला पाण्याचा टँकर, त्याच्यामागं घागरींची रांग, आणि वर उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ. एवढ्या चिमट्यानं रडायला आपण काय कुकुलं बाळ आहोत का, असं त्यानं स्वतःलाच विचारलं. पण चिमट्याचं ते नव्हतंच. हातात घेतले तर दोन थंड, मुके तुकडे, यांच्यात काही असेल असं वाटतही नाही, आणि मध्ये कुणी सापडलं की कसे चेंगरतात. बारा वर्षं मध्ये आपणच होतो की, असं त्याच्या मनात आलं. हा विचार त्याला आवडला नाही.

घरी, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, उंबऱ्यावर त्याची माय बसलेली असणार. धुरपदाबाई. तिला ईटहून धाराशिवला आणून पंधरवडा होत आला होता. ती दारात बसायची ती रस्त्याकडं तोंड करून नाही, समोरच्या घराच्या कोऱ्या भिंतीकडं. सुमननं, त्याच्या बायकोनं, दोनदा सांगून बघितलं, 'आत्याबाई, इकडं तोंड करून बसा, जरा माणसं तरी दिसतील.' माय म्हणाली, 'मानसं बघून काय करू?' उत्तरेश्वरच्या ध्यानात यायला चार दिवस लागले की ती भिंत वायव्येला आहे. प्रयोगशाळेतली सुई निदान उत्तर तरी दाखवते. हिनं भूमच्या रस्त्याची दिशा धरली होती, आणि भूमच्या पलीकडं ईट. कालपासून तर ती जेवतानाही त्याच भिंतीकडं बघत होती. काल ईटच्या गाडीनं त्याच्या वडलांनी दुधाची रिकामी बादली पाठवली होती. तिनं ती मांडीवर घेतली, काठावरनं हात फिरवला, आणि काहीच बोलली नाही. रोज काहीतरी बोलायची. काल नाही. तेव्हापासून त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं.

ईटच्या घरात त्याची माय आणि त्याचे वडील ज्ञानोबा, ज्यांना तो दादा म्हणे, बहात्तरच्या दुष्काळापासून एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण नव्हतं, शिवीगाळ नव्हती. बोलणं संपलं होतं. अंगणात मध्यभागी कपडे धुण्याचा एक सपाट धोंडा होता. सकाळी माय म्हैस पिळायची, बादली त्या धोंड्यावर ठेवून मागं सरायची. मग दादा पुढं व्हायचे, बादली उचलायचे, सोसायटीत दूध घालून यायचे आणि रिकामी बादली पुन्हा धोंड्यावर. भाकरी तशीच. तांब्या तसाच. एकाचा हात धोंड्यावर असताना दुसऱ्याचा तिथं कधी आला नाही. आणि जे धोंड्यावर ठेवता येत नाही ते, म्हणजे शब्द, उत्तरेश्वरच्या अंगावर ठेवले जायचे. 'त्यांना सांग, ज्वारी सरली म्हनावं.' 'तुझ्या मायला सांग, उद्या टँकर येनार न्हाय.' दोघं पाच-सात हातांवर बसलेली, दोघांनाही धडधडीत ऐकू येतंय, तरी त्यानं ते वाक्य उचलायचं, पलीकडं न्यायचं आणि पुन्हा म्हणायचं. त्यानं म्हटल्याशिवाय ते पोचलं असं धरायचं नाही, हा त्या घरातला कायदा. नोकरी लागली, लग्न झालं, तरी सणासुदीला गेला की पिशवी खाली ठेवायच्या आधी हे काम. तो नसला की शेजारची बनाबाई, आणि बनाबाईही नसली की म्हैस. 'सांग गं बाई, कालवनात मीठ कमी पडलंया म्हनावं.' म्हैस कान हलवायची. हसावं अशीच गोष्ट होती, गाव हसायचंही, पण त्याला त्या अंगणात हसू कधी फुटलं नाही. त्याला राग यायचा. शिकलासवरलेला प्राध्यापक माणूस, आणि आपल्या घरी गेल्यावर त्याची किंमत म्हशीएवढी.

राग त्याला गुलाबचाही यायचा, मेलेल्या बहिणीचा, आणि त्याची मग लाज वाटायची. गुलाब तेव्हा चौदाची. ईटच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि अठराच्या आतल्यांना हजेरीवर घेत नव्हते. दादांनी मुकादमापुढं तिला अठराची सांगितली. अंगानं उंच होती, खपून गेली. घरात एक हजेरी वाढली, कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीचा एक वाटा वाढला. सगळ्या गावानंच तसं केलं होतं. मुरूम वरनं खणायला कठीण, म्हणून लोक दरडीच्या बुडाशी पोखरत जायचे. बुडातनं काढलं की वरचं आपसूक ढासळतं आणि टोपल्या लवकर भरतात. पाऊसच नव्हता, मग दरडीचं भय कुणाला? त्या दिवशी गुलाबच्या अंगात कणकण होती. ती म्हणाली, आज ऱ्हाते. माय म्हणाली, 'जा गं, दुपारपस्तोर तरी जा, खाडा पडंल.' दुपारच्या आत दरड आली. दादा आणि माय समोरासमोर गुडघ्यांवर बसून हातांनी मुरूम उपसत राहिले, दोघांची नखं गेली, आणि दोघांच्या मध्ये ती सापडली. उत्तरेश्वर औरंगाबादला एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होता. तो पोचला तेव्हा माती झाली होती. वय कुणी चढवलं आणि कामावर कुणी धाडलं, हे दोघांनाही ठाऊक होतं. बोलायला तोंड उघडलं असतं तर पहिलं तेच बाहेर पडलं असतं, म्हणून दोघांनी तोंड मिटलं. एकानं दुसऱ्याला दोष दिला नाही आणि माफही केलं नाही. उत्तरेश्वरला वाटत आलं की ही दोघं त्या दिवशीच मेली; नुसतं उठणंबसणं, हिंडणंफिरणं मागं राहिलं.

मेलेल्या ताऱ्यांची गोष्ट त्यानं गेल्या हिवाळ्यात ऐकली. पुण्याहून एक शास्त्रज्ञ कॉलेजात व्याख्यानाला आले होते. त्यांनी पेटीभर चित्रं आणली होती आणि नेमकी वीज गेली. मग सभागृहाच्या खिडक्या उघडून, ऐन दुपारी, भगभगीत उजेडात ते अंधाराविषयी नुसतं बोलत राहिले, आणि म्हणूनच बहुधा ते त्याच्या मनात रुतून बसलं. ते म्हणाले, विश्व पसरतंय. कुणी कुणाला सोडून जात नाही, मधली जागाच वाढत जाते. आणि तारे मरतात. काही मरताना आकसतात, इतके की सूर्याएवढं वजन एका तालुक्यात मावावं, आणि आकसता आकसता आपलं चुंबकत्व घट्ट आवळून घेतात. उजेड जातो, चुंबक राहतो. असे दोन मेलेले तारे जवळजवळ असले तर ते एकमेकांभोवती फिरत राहतात, एकमेकांच्या चुंबकाचा ताण सोसत, लाखो वर्षं. सगळं विश्व लांब लांब जात असताना ही जोडी मात्र लांब जात नाही. कुणीतरी उठून विचारलं, मग त्यांना धरून ठेवतं ते चुंबकत्व की गुरुत्व? शास्त्रज्ञ हसले. 'खरी गाठ गुरुत्वाचीच. चुंबक म्हणजे त्यांच्यातली कुरकुर समजा.' सभागृहात हशा पिकला. उत्तरेश्वर हसला नाही. त्याला ईटचं अंगण दिसलं, मध्ये धोंडा.

त्या दिवसापासून हा हिशेब त्याच्या डोक्यात फिरायला लागला. दोन चुंबकांतलं अंतर दुप्पट केलं की त्यांची ओढ निम्मी होत नाही, सोळावा हिस्सा होते. हे त्याला पुण्याहून येऊन कुणी सांगायला नको होतं, तो दर वर्षी फळ्यावर लिहीत होता. गुरुत्व तेवढ्याच अंतराला चौथ्या हिश्श्यावर येतं, ते चिवट; पण ते त्यानं त्या वेळी बाजूला ठेवलं. अंगणातलं पाच-सात हातांचं अंतर दुप्पट करायचं, पुन्हा दुप्पट, पुन्हा, धाराशिव येईपर्यंत. दर वेळी सोळावा हिस्सा. शेवटी हातात काही उरतच नव्हतं. वर्गात पोरांची परीक्षा चालू असताना, भाजी आणताना, सुमनशी बोलताना तो हा हिशेब करायचा आणि शेवटच्या शून्यापाशी आला की त्याला गार वाटायचं. मायला तिथनं काढलं की दोघंही सुटतील. यात प्रेम होतं, ते खोटं नाही. मायचे डोळे अधू झाले होते, टँकरमागं पळून पळून पाय सुजले होते. सुमनही म्हणाली, 'आणा की त्यांना, आता कशाला राबवायचं.' पण प्रेमाच्या खाली कंटाळा होता, आणि कंटाळ्याच्या खाली ती जुनी चीड. सांग त्यांना, सांग तिला. आता कुणी कुणाला काही सांगायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

न्यायला गेला त्या दिवशी माय आधी नको नको म्हणाली, मग म्हणाली, 'आठ दिस येते. डोळ्यात औषीद घालून घेते न् परत येते.' घरातल्या घरात पिशवी भरता भरता तिनं ते वाक्य त्याच्या अंगावर ठेवलं. 'त्यांना सांग, आठ दिसानं येते म्हनावं.' आणि बनाबाईचा निरोप घ्यायला ती पुढं निघून गेली. गोठा त्याच भिंतीला लागून. दादांना ऐकू गेलं असणारच. तो आत गेला तेव्हा दादा पाठमोरे उभे होते, हातात वैरणीची पेंढी धरून, ती म्हशीपुढं न टाकता. वाट बघत होते. म्हातारपणानं त्यांचे खांदे खाली आले होते आणि मानेवर कधीचा तो मुरुमाच्या दगडानं झालेला वण होता. उत्तरेश्वरनं ते वाक्य उचललं नाही. गाडी चुकेल म्हणून, आठ दिवसांत परत पाठवायचं त्याच्या मनात नव्हतं म्हणून, आणि या वयात हा पोरखेळ पुरे म्हणून. 'दादा, निघतो आम्ही,' तो म्हणाला. दादा थोडे थांबले. मग 'बरं' असं म्हशीला म्हणाले आणि पेंढी टाकली. गाडीत माय म्हणाली, 'सांगितलंस नव्हं?' तो 'हो' म्हणाला, आणि खोटं बोलल्याचं त्याला तेव्हा काही वाटलंही नाही.

तीन-चार दिवसांनी रामकिसननं निरोप पाठवून त्याला स्टँडवर बोलावलं. रामकिसन ईटच्या गाडीवरचा कंडक्टर. मुक्कामाची गाडी; पहाटे ईटहून निघायची, साडेअकराच्या सुमाराला धाराशिवला यायची, तासाभरानं परत फिरायची. त्या गाडीवरनं डबे, औषधं, सायकलीच्या ट्यूबा, सगळं जायचं-यायचं. पोस्टापेक्षा लोकांचा रामकिसनवर भरोसा. त्यानं मायची पानाची चंची हातावर ठेवली. 'ज्ञानोबादादांनी दिलीया.' आणि मग, कुणालाही विचारतो तसं, 'काय सांगावा हाय का सर?' उत्तरेश्वर म्हणाला, 'न्हाय.' घरी मायनं चंची उघडली, नाकाशी धरली, बराच वेळ धरली. 'त्यांना सांग, चंची मिळाली म्हनावं. औषीद घालतेत म्हनावं.' तो म्हणाला, सांगतो. दुसऱ्या दिवशी जात्याचा खुंटा आला. मग लाकडी फणी. मग ती पाणी प्यायची तो पितळी तांब्या. सुमन चेष्टेनं म्हणाली, 'मामंजींनी आत्याबाईंचं बिऱ्हाडच हलवायला काढलं वाटतं!' उत्तरेश्वरलाही तेच वाटलं. त्याला बरं वाटलं. म्हातारा घर मोकळं करतोय, ओढ विरत चाललीय, हिशेबाप्रमाणं चाललंय. 'काय सांगावा?' रामकिसन रोज विचारायचा. 'न्हाय,' तो रोज म्हणायचा. आणि घरी माय रोज एक वाक्य द्यायची. खुंटा मिळाला म्हनावं. म्हशीला गूळ-पानी द्या म्हनावं. बोटांवर मोजून आठ दिवस झाल्याचं तिला कळलं. 'आनखी चार दिस लागत्याल म्हनून सांग, न्हाय तर वाट बगत बसतील.' हेही त्यानं ठेवून घेतलं. देणं नाही, घेणं नाही. वाक्यं त्याच्यापाशी साठत गेली आणि त्याला ओझं मुळीच वाटलं नाही.

एक दिवस मात्र रामकिसन तिकिटांची पेटी काखेत मारून घुटमळला. 'सर, म्हस आटली म्हनं त्यांची. सोसायटीत दूध यायचं बंद झालंया. रोज सांजच्याला मी गाडी घेऊन गेलो की ते फाट्यावर हुबं असत्यात. इचारत कायबी न्हाईत. निस्तं माझ्या तोंडाकडं बगत्यात.' उत्तरेश्वर म्हणाला, 'दुष्काळात म्हशी आटतातच.' वाक्य म्हणून त्यात काही चूक नव्हती. रामकिसननं मान डोलावली आणि तो चहाच्या टपरीकडं गेला. स्टँडभर मळकी ऊन-धूळ होती, कारखान्याच्या निवडणुकीची जीप कर्ण्यावर ओरडत फिरत होती. उत्तरेश्वर घराकडं वळला. पण काल बादली आली. दुधाची बादली. बाकी सगळं मायचं होतं. बादली दोघांची होती, ती रोज धोंड्यावरनं इकडंतिकडं जायची. रिकामी बादली परत ठेवली म्हणजे आता तुझी पाळी, एवढाच तिचा अर्थ त्या घरात होता. हे त्याला काल कळलं नव्हतं. आज, करंगळी चोखत, प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभं असताना कळलं, आणि प्रयोग अर्धा टाकून तो स्टँडकडं निघाला. पोरांना वाटलं, सरांना लागलंय.

गाडी वेळेवर आली होती. रामकिसन दारातच होता, हात रिकामे. 'आज काय न्हाय सर. पहाटं फाट्यावर आलेच न्हाईत.' एवढं बोलून तो थांबला. रोजचा प्रश्न त्यानं आज विचारला नाही. उत्तरेश्वरच्या तोंडात उत्तर तयार होतं, यावेळी वेगळं, हाय म्हनावं, लई सांगावे हायेत, पण विचारल्याशिवाय ते बाहेर पडेना. शेवटी तो म्हणाला, 'परत कधी निघतो?' 'साडेबाराला.' तो घराकडं जवळजवळ पळत गेला. भर उन्हात, प्राध्यापकानं, धोतरात पाय अडकल्यासारखं धडपडत पळावं हे लोकांना नवल वाटलं असेल. माय उंबऱ्यावर होतीच. 'आज काय आलं?' 'काही नाही.' ती भिंतीला धरून उठली. तिची पिशवी भरलेलीच होती, आणि आलेल्या सगळ्या वस्तू बादलीत नीट रचलेल्या. 'चल,' ती म्हणाली. सुमन भाकरी बांधून देते म्हणाली, तिनं ऐकलं नाही. तिनं चपलाही उलट्या घातल्या होत्या.

गाडीत तिनं बादली मांडीवर घेतली. खड्डा आला की आत तांब्या खुंट्यावर वाजायचा. बाहेर काळी रानं भेगाळून पडली होती. कुठं कडब्याची एखादी गंज, कुठं रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी बायामाणसं, डोक्यावर फडकी ओढलेली, आणि गाडी गेली की तीही धुळीत बुडून जायची. उत्तरेश्वर हिशेब करायचा प्रयत्न करत होता. आता अंतर निम्मं होत होतं, पुन्हा निम्मं, ओढ दर वेळी सोळापट. पण मध्येच त्याला ते दुसरं आठवलं, त्यानं बाजूला ठेवलेलं. खरी गाठ गुरुत्वाची. ते इतक्या सहजासहजी शून्यावर येत नाही. बारा वर्षं त्यानं फक्त कुरकूर मोजली होती. कुरकूर सोडून त्या दोघांत आणखी काय होतं, ते मोजायला त्याच्याकडं काही साधनच नव्हतं. भूम आलं, गाडी थांबली, सुटली. भूमच्या पुढं माय आपणहून बोलली. 'चंची मी इसरले नव्हते. मुद्दाम धोंड्यावर ठिवली हुती, येते म्हनून. ती त्यांनी परत धाडली.' थोड्या वेळानं पुन्हा, 'तू सांगितल्यावरबी धाडली. मंग मला वाटलं, आता नगं म्हनत्यात. आसू दे म्हनलं. पोरीला म्या धाडली हुती, त्यांचा तरी काय दोष.' बारा वर्षांत गुलाबचं नाव न घेता का होईना, तिनं ते पहिल्यांदा उच्चारलं होतं, आणि ते ज्याला सांगायचं त्याला सोडून भलत्याच माणसाला. सांगून टाकावं, असं उत्तरेश्वरला वाटलं. माय, मी सांगितलंच न्हाय. चारच शब्द होते. पुढच्या सीटवरची बाई झोपेत डुलत होती, खिडकीतनं गरम वारा तोंडावर येत होता, आणि तो तिकिटाच्या घड्या घालत राहिला. ईटचा फाटा आला. फाट्यावर कुणी नव्हतं.

वस्तीकडं वळतानाच कळलं. अंगणात माणसं होती आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. घरातल्या तसबिरींपुढं मेणबत्ती लावलेली दारातनं दिसत होती. दादांना अंगणातच निजवलं होतं, धोंड्याच्या पलीकडं, पांढऱ्या कापडाखाली. पाय उघडे, टाचा भेगाळलेल्या. बनाबाई पदर तोंडाशी धरून पुढं आली. तुला फोन लावायला मानूस भूमला धाडलाय, ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. 'सकाळी म्हशीखाली बसले हुते रं. आटल्याली म्हस, न् बादली न्हाय काय न्हाय, रिकाम्या हातानं कास धरून बसले हुते. तितंच कलंडले.' डोळे पुसून ती पुन्हा म्हणाली, 'आठ-धा दिस एकच. बनाबाई, काय सांगावा न्हाय आला. म्या म्हनलं, तुमी तरी सांगावा धाडा की. तर म्हनले, ती आधी काय म्हनली ते कळल्याबिगर म्या काय म्हनू?' उत्तरेश्वर उभा होता. त्याच्या करंगळीतली ती काळी टिकली ठणकायला लागली होती, आणि एवढ्या माणसांत, एवढ्या मोठ्या गोष्टीपुढं, त्याला फक्त ती करंगळी जाणवत होती.

माय जवळ गेली नाही. बायांनी तिला धरून न्यायला हात पुढं केले, ते तिनं बाजूला केले. ती सरळ धोंड्यापाशी गेली, बादली त्याच्यावर ठेवली, आणि बारा वर्षांच्या सवयीनं मागं सरकून उभी राहिली. बादलीत चंची, फणी, तांब्या, खुंटा. ती उचलायला पलीकडनं कुणी आलं नाही. सगळं अंगण तिच्याकडं बघत होतं. गोठ्यात म्हैस एकदा रेकली आणि गप्प झाली. मग माय उत्तरेश्वरकडं न बघता, कापडाखालच्या त्या माणसाच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, 'त्यांना सांग, मी आले म्हनावं.'

कुणीतरी हुंदका दिला, कुणी म्हणालं, म्हातारीला कळंना झालंय. उत्तरेश्वरला माहीत होतं की तिला सगळं कळतंय. तो दादांच्या उशाशी जाऊन मांडी घालून बसला. चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं. दाढीचे पांढरे खुंट, किंचित उघडं तोंड. माय आली, एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच्या आधीची वाक्यं पडून होती, आणि आधीचं पोचल्याशिवाय नंतरचं पोचत नाही, हा त्या घरातला कायदा त्यानंच इतकी वर्षं पाळला होता. तो वाकला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, 'दादा, माय म्हनती, आठ दिसानं येते.'

धोंड्याच्या पलीकडं मायनं मान वळवली आणि त्याच्याकडं बघितलं. ती बघतेय हे त्याला वर न बघता कळलं. तो थांबला नाही.

'चंची मिळाली म्हनती,' तो म्हणाला.